फुकटची फोल्डिंग व्हीलचेअर: घरात पास, गावात नापास

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी अडीच. पुढचं ज्याला वाचायचंय त्याने वाचा, आणि ज्याच्या घरात कुणाला ही खुर्ची आता मिळणार आहे त्याने तर वाचाच.

कुठली खुर्ची ते सगळ्यांना माहितीये. स्टीलची चकचकीत फ्रेम, निळं नाहीतर काळं रेक्झिन, मागे ढकलायला दोन मुठी, सीटखाली फुलीचे दोन रॉड, मधून वर ओढलं की घडी पडते. सरकारी दवाखान्यात हीच, रेल्वे स्टेशनवर हीच, नेत्याच्या वाढदिवसाच्या कॅम्पात पण हीच. मला एका संस्थेच्या कॅम्पात मिळाली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा हेतू चांगलाच होता आणि खरं सांगायचं तर वाटणारा बदलला तरी खुर्ची तीच असते.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. विहिरीच्या कामावर पडलो, मणक्याला डी १२ ला, म्हणजे छातीमागच्या शेवटच्या मणक्याला, मार बसला, कमरेखाली काही कळत नाही, हात मात्र दणकट. गाव बार्शी तालुक्यात, काळी माती, पावसाळ्यात लोक चपला हातात घेऊन चालतात तसली. गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे माझं, सातबारा, पीकविमा, पेन्शन, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असलं सगळं. त्यामुळे आसपासच्या गावातले दिव्यांग लोक फॉर्मसाठी माझ्याकडेच येतात आणि मला सवयच लागलीये, माणूस काय म्हणतोय त्याच्या आधी तो कशावर बसून आलाय तिकडे लक्ष जातं.

आधी चांगलं सांगतो, कारण फुकट मिळालेल्या वस्तूला नुसत्या शिव्या घालणं बरोबर नाही. या खुर्चीने मला बाजेवरून उठवलं. त्याच्या आधी सकाळी भावाने उचलून अंगणात आणायचं आणि संध्याकाळी उचलून आत न्यायचं, मधे काही लागलं तर हाका मारत बसायचं. खुर्ची आली आणि मी माझा मी दुकानात जाऊन बसायला लागलो. घडी होते, रिक्षात मागे बसते, जीपच्या टपावर बांधता येते. फरशीवर, कोब्यावर, सिमेंट रोडवर मस्त पळते. आणि सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे मागची चाकं स्पोकची, हवेची, पंक्चर झालं तर सायकलच्या दुकानात निघतं. काही खुर्च्यांना भरीव टायर असतं, ते पंक्चर होत नाही म्हणून लोक खूश असतात पण खडीवरून जाताना सगळे हादरे पाठीत येतात, आणि ज्याला कमरेखाली झटके म्हणजे स्पॅझम येतात त्याचे पाय फूटरेस्टवरून खाली पडतात. तेव्हा निवडायला मिळालं तर हवेचं घ्या, पंक्चर परवडलं.

आता घोळ. पहिला मापाचा. सीट १८ इंच. माझी बसल्यावरची रुंदी भरते १४, कारण मणक्याचा मार बसला की पाय बारीक होतात तशा मांड्या आणि कुल्ले पण उतरतात. म्हणजे दोन्ही बाजूला दोन-दोन इंच मोकळं. कुणाला वाटेल ऐसपैस आहे की, बरंच. नाही राव. जागा मोकळी असली की माणूस एका बाजूला कलतो, मी डावीकडे कलायचो, डावं कोपर आर्मरेस्टवर टेकवून तिरका बसायचो, फोटोत बघितलं तेव्हा कळलं. तिरकं बसलं की कणा वाकतो आणि सगळं वजन एकाच बाजूच्या हाडावर. वर चाकं लांब पडतात म्हणून हात फाकवून ढकलायला लागतं, संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. आमचे खांदे म्हणजेच आमचे पाय, ते गेले तर मग कायमचं दुसऱ्याच्या हातात.

आणि १८ ची सीट म्हणजे ढकलायच्या कड्यासकट बाहेरून बाहेर २५-२६ इंच. घराचं मेन दार निघतं. संडासाचं दार २४. आमच्या गावात अनुदानातले जेवढे संडास बांधलेत त्या सगळ्यांची दारं एवढीच, वर एक पायरी. मग खुर्ची दारात लावायची आणि हातावर घसरत आत जायचं, तेही ओल्या फरशीवरून. १४ ची सीट असती तर कुणी पायरी चढवून दिली की खुर्ची आतच गेली असती. दार रुंद करायला गवंडी लागतो, अरुंद खुर्ची द्यायला नुसती टेप लागते.

आर्मरेस्ट फिक्स, निघत नाहीत. हा दोष वापरल्याशिवाय कळतच नाही. बाजेवरून खुर्चीत यायचं तर बाजूने सरकून यायचं असतं, आणि तिथेच तो दांडा आडवा. म्हणजे एकतर कुणीतरी उचला नाहीतर स्वतःला दांड्यावरून वर फेका. दुकानात टेबलाखाली खुर्ची जात नाही ती याच दांड्यामुळे, मी लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करायचो, नंतर टेबलाचे पाय विटांवर ठेवून उंच केले. आडवी घडी होणारे किंवा निघणारे आर्मरेस्ट असलेल्या खुर्च्या मिळतात, दिसायला सेम टू सेम, फरक एका पिनेचा असतो. तेवढं बघून घ्या.

मागचं चाक पाठीच्या रॉडच्या बरोबर खाली फिक्स असतं हे पण लक्षात घ्या. चाक थोडं पुढे असलं तर पुढचा भार हलका होतो, खुर्ची हलकी ढकलली जाते, उंबरा आला की पुढची छोटी चाकं झटक्याने उचलता येतात. या खुर्चीत ते होत नाही, वजन पण सहज १८-२० किलो. दोन इंचाचा उंबरा आला की थांबा आणि कुणाची तरी वाट बघा. एकूण सगळी रचनाच ढकलणारा माणूस मागे उभा आहे असं धरून केलेली. वॉर्डातून एक्स-रेला न्यायला झकास, ती त्याच कामासाठी आहे. पण तिच्यावर सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जगायचं म्हणजे वेगळा विषय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बसायची जागा. इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

रेक्झिनला काही महिन्यात झोळ पडतो. झोळ पडला की दोन्ही मांड्या आतल्या बाजूला घसरतात, कंबर पुढे सरकते आणि माणूस माकडहाडावर बसायला लागतो. ज्याला संवेदना आहे तो दुखलं की हलतो. आम्हाला दुखतच नाही. कळतं कधी, तर पायजम्याला डाग दिसला की. कुल्ल्याच्या हाडावर आधी नुसतं लाल दिसतं, बोटाने दाबलं तरी लाली जात नाही, मग कातडी फुटते, आणि वरून रुपयाएवढं भोक दिसतं तेव्हा आतून कधीकधी लिंबाएवढी जागा गेलेली असते. मला झाली ती जखम. त्यानंतर पालथं पडून राहणं, ड्रेसिंग, ताप, दुकान बंद. म्हणजे जी खुर्ची मला बाजेवरून उठवायला आली तिनेच परत बाजेवर टाकलं. कॅम्पात कुशनचा शब्द कुणी काढला नव्हता. खुर्चीबरोबर एक हार, एक नारळ आणि एक फोटो मिळाला.

तर कुशन. नुसता फोम नको, चांगल्या डेन्सिटीचा पाहिजे, वरचा मऊ आणि खालचा कडक असे दोन थर, बसायच्या हाडांच्या खाली थोडा खोलगट भाग. सर्वात चांगलं हवेच्या कप्प्यांचं, पण ते महाग, आणि हवा कमी-जास्त झाली तर उपयोग शून्य. खाली प्लायवूडचा तुकडा टाकायचा म्हणजे झोळ जातो. आपलं कुशन चालतंय का ते तपासायची सोपी युक्ती आहे, कुणालातरी हाडाखाली बोटं सरकवायला सांगा, बोटं हलली पाहिजेत, चेपून अडकली तर कुशन खाली बसलंय. आणि गावाकडे लोक स्कूटरची ट्यूब फुगवून गोल रिंग करून देतात ना, ती कृपया नको. मधला भाग हवेत राहतो म्हणून बरं वाटतं पण कडेच्या दाबाने मधल्या भागाचं रक्तच कमी होतं, डॉक्टर लोक स्पष्ट नको म्हणतात. कुशन कितीही भारी असलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून किंवा एकेका बाजूला कलून वजन काढायचंच, मी मोबाइलला व्हायब्रेट लावून ठेवतो. रोज रात्री आरशात बघायचं, लाजायचं काय त्यात.

आता रस्ता. ही खुर्ची कोरड्या दिवसात गावात कशीबशी चालते, पाऊस पडला की खेळ खल्लास. पुढची चाकं आठ इंची, कडक, बोटाएवढी रुंद. काळ्या मातीत ती रुततात आणि मागून जोर लावला की खुर्ची पुढे न जाता पुढच्या बाजूला कलंडते. आठवडी बाजाराला जायचं तर मी खुर्ची उलटी फिरवून मागे मागे ओढत जायचो, मोठं चाक पुढे केलं की रुतत नाही, पण मान वळवून वळवून वैताग.

आमच्या सायकलवाल्या मामांनी यावर डोकं लावलं. त्यांनी आधी माझ्या मागच्या चाकाला जाड गोट्यांचं टायर चढवायचं ठरवलं, पोरांच्या सायकलला असतं ते. टायरवर २४ लिहिलेलं, खुर्चीच्या टायरवर पण २४ लिहिलेलं, पण बसेना. मग कळलं की २४ बाय १ ३/८ ची रिम वेगळी आणि जाड टायरची २४ ची रिम वेगळी, आकडा तोच असला तरी जाड टायरच्या रिमचा व्यास तीन-साडेतीन सेंटिमीटरने कमी असतो. शेवटी हब खुर्चीचाच ठेवला आणि त्यावर जाड टायरची रिम, नवे स्पोक, असं नवीन चाक विणलं. मामा दुकानाच्या पायरीवर बसून एकेक स्पोक टिचकी मारून आवाज ऐकत ताण लावत होते, सगळ्यांचा आवाज सारखा येईपर्यंत सोडलं नाही. चाक थोडं लहान झालं म्हणून ब्रेकचा क्लॅम्प सैल करून मागे सरकवला, हे विसरू नका, नाहीतर ब्रेक लावला तरी टायरला लागतच नाही आणि उतारावर तुमची तुम्हीच. मागची पकड आता एक नंबर. पुढच्या चाकाचा प्रश्न तसाच आहे, त्यावर शेवटी येतो.

यातलं काही आम्ही जगात पहिल्यांदा केलेलं नाही बरंका, उलट लोकांनी हे चाळीस वर्षांपूर्वीच करून ठेवलंय आणि तरी कॅम्पात तीच दवाखान्याची खुर्ची येते याचाच राग येतो. राल्फ हॉचकिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर, १९६६ ला मोटरसायकलच्या अपघातात स्वतःच व्हीलचेअरवर आला, १९८० ला निकाराग्वात गेला आणि तिथल्या चार पोरांबरोबर बसून गावातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून होईल अशी खुर्ची बनवायला लागला. नंतर देशोदेशी हेच केलं. त्यांच्या खुर्चीला पुढे रुंद, मऊ रबराचं चाक असतं, त्याला झिम्बाब्वे व्हील म्हणतात कारण ती आयडिया झिम्बाब्वेतल्या कारागिरांकडून आली. पुढचं चाक पायाच्या बरंच पुढे, म्हणजे खुर्ची लांब, म्हणजे उतारावर तोंडावर पडत नाही. माझा निम्मा त्रास त्या एका चाकात सुटला असता. इंग्लंडच्या मोटिव्हेशन संस्थेने १९९१ ला बांगलादेशातून सुरुवात केली, तिचा एक संस्थापक डेव्हिड कॉन्स्टंटाइन स्वतः व्हीलचेअरवर, त्यांची तीनचाकी खुर्ची, पुढे एकच मोठं चाक, खडबडीत जागेसाठी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या एमोस विंटर यांनी दोन लिव्हरवर चालणारी खुर्ची केली, लिव्हर वर धरला की ताकद जास्त, खाली धरला की वेग जास्त, बाकी सगळे पार्ट सायकलचे, आणि तिची चाचणी घ्यायला ते जयपूर फूटवाल्यांबरोबर भारतातच होते.

या माणसांमध्ये एक गोष्ट कॉमन आहे. ज्याला बसायचंय त्याला विचारलं, किंवा जो बसतो त्यानेच बनवली.

याच्या उलट एक गाजलेलं उदाहरण आहे, फ्री व्हीलचेअर मिशन. डॉन शोनडॉर्फर या अमेरिकन इंजिनिअरने मोरोक्कोत एका बाईला रस्त्यावरून सरपटत जाताना बघितलं होतं, ते डोक्यात राहिलं, आणि पुढे त्याने लग्नाच्या मांडवात असते ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणि सायकलची चाकं जोडून अगदी स्वस्त व्हीलचेअर बनवली. २००१ ला पहिल्या काही खुर्च्या भारतातच आणल्या होत्या. नंतर लाखांनी वाटल्या. त्यावर बरीच टीका पण झाली, एकच साइज, कमरेला आधार नाही, जखमा होतील वगैरे, आणि त्यांनी पुढच्या मॉडेलमध्ये साइज आणि कुशन आणलं हे मान्य करायला पाहिजे. माझं मत विचाराल तर सरपटण्यापेक्षा प्लास्टिकची खुर्ची हजारपट बरी. पण तिथे थांबायचं नसतं. जो सरपटत होता तो खुर्चीत बसला की त्याला लगेच दार, उंबरा, संडास, बाजार, शाळा हे सगळं पाहिजे असतं, साहजिक आहे.

आता प्रॉडक्ट सोडून सर्व्हिसचा रिव्ह्यू. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ ला गरीब देशांसाठी व्हीलचेअर कशी द्यावी याची मार्गदर्शिका काढली होती, २०२३ ला नवी पण आली. जुनीत आठ पायऱ्या होत्या. नाव नोंदवून अपॉइंटमेंट, तपासणी, कोणती खुर्ची ते लिहून देणं, पैशाची सोय आणि ऑर्डर, खुर्ची तयार करणं, बसवून बघणं, वापरायला शिकवणं, आणि नंतर परत चौकशी. आमच्या कॅम्पात नाव नोंदवलं आणि खुर्ची दिली, मधलं आणि नंतरचं सगळं गायब. माझ्या शेजारी साठीच्या एक मावशी होत्या, गुडघे गेलेले, त्यांना चालायचा वॉकर पाहिजे होता, त्यांना पण खुर्ची. त्यांच्या पलीकडे सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने अंगावर ताबा नसलेलं, आठ-नऊ वर्षांचं पोरगं, त्याला मानेला आणि छातीला आधार देणारी, पट्ट्याची, लहान मापाची खुर्ची लागते, त्याला पण तीच १८ इंची. ते त्यात अक्षरशः हरवून गेलं होतं, आईने एका बाजूला उशी आणि दुसऱ्या बाजूला दप्तर खोचलं. स्टेजवरून निवेदक सांगत होता की आज अमुक इतक्या बांधवांच्या जीवनाला गती मिळाली.

जयपूर फूटचं उदाहरण मी मुद्दाम देतो. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात रामचंद्र शर्मा, शाळा फार न शिकलेले कारागीर, सगळे मास्टरजी म्हणायचे, आणि हाडांचे डॉक्टर पी. के. सेठी यांनी मिळून तो रबराचा पाय बनवला. त्याच्या आधीचे परदेशी पाय बुटात घालायचे, आपल्याकडे चिखलात अनवाणी चालायचं, मांडी घालायची, उकिडवं बसायचं, ते कसं जमणार. १९७५ ला डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहाय्यता समिती काढली आणि पाय फुकट द्यायला सुरुवात केली, बऱ्याच जणांना त्याच दिवशी पाय बसवून घरी पाठवतात. इतकं फास्ट काम, इतकी गर्दी, पण तरी प्रत्येकाच्या उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा घेतात आणि प्लास्टिकचा पाइप गरम करून त्यावर चढवतात. कारण माप न घेता पाय दिला तर तो बसतच नाही, लगेच कळतं. खुर्चीत मात्र कुणीही मावतो, म्हणून माप न घेता दिली तरी त्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. सहा महिन्यांनी कळतं, आणि तोपर्यंत मांडव निघालेला असतो.

जगात आठ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशानुसार त्यातल्या ५ ते ३५ टक्के लोकांकडेच ती आहे, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आकडा एवढा मोठा असल्यावर वाटप मोठ्या प्रमाणातच करावं लागणार, मला कळतं ते. पण तीनशे खुर्च्या वाटताना १४, १६, १८, २० अशा चार साइज आणि थोड्या लहान मुलांच्या मागवल्या तर खर्च किती वाढणार? टेप घेतलेली दोन माणसं सकाळी बसवली तरी निम्मं काम होतंय.

फॉर्म भरणारा माणूस म्हणून सरकारी बाजू पण सांगतो, कारण बऱ्याच जणांना माहिती नसतं. दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, सामान बहुतेक कानपूरच्या एलिम्कोचं असतं, ती १९७२ ची सरकारी कंपनी. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड लागतं, उत्पन्न महिना साडेबावीस हजारापर्यंत असेल तर पूर्ण फुकट, तिथून तीस हजारापर्यंत निम्मं. एकदा घेतलं की त्याच कामासाठी परत तीन वर्षं मिळत नाही, बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने मिळतं कारण मुलं वाढतात. बॅटरीवाली तीनचाकी मात्र ८० टक्केवाल्यांना. आता यातली मेख अशी की तपासणीचा कॅम्प आणि वाटपाचा कॅम्प वेगवेगळे असतात. लोक वाटपाला नटूनथटून जातात आणि तपासणीला घरातल्या पोराला कागद घेऊन पाठवतात. उलटं करा. तपासणीला स्वतः जा, तिथे काय लिहिलं जातंय ते बघा, कारण नंतर जे येणार ते त्या कागदावरूनच येणार. मी माझ्याकडे येणाऱ्यांचं माप घरीच घेऊन चिठ्ठीवर लिहून देतो. सरळ बसवायचं, कमरेची सगळ्यात रुंद जागा मोजायची ती सीटची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन बोटं कमी करायची ती सीटची खोली, आणि गुडघ्याच्या मागून टाचेपर्यंत ती फूटरेस्टची उंची, कुशनची जाडी त्यातून वजा करून. चिठ्ठी बघून काही ठिकाणी हसतात, काही ठिकाणी खरंच लिहून घेतात.

विकतच्यात काय, तर पुण्यात एका ओळखीच्याकडे निओफ्लाय बसून बघितली. आयआयटी मद्रासच्या टीटीके सेंटरमधून निघालेली निओमोशन कंपनी, खुर्ची तुमच्या मापाची बनवून देतात, फोल्डिंगची नाही, आर्मरेस्टचा अडथळा नाही. दोन ढकल्यात अंगणाच्या त्या टोकाला गेलो आणि खरं सांगतो, बसल्यावर पहिल्यांदा वाटलं की खुर्ची माझ्या अंगाला आहे, मी खुर्चीच्या अंगाला नाही. पुढे निओबोल्ट नावाचा मोटरचा भाग जोडला की रस्त्यावर २५ च्या स्पीडने जाते. २०२१ ला आली तेव्हा खुर्ची चाळीस हजाराच्या थोडी आत आणि निओबोल्ट पंचावन्न हजाराला होता. आता माझ्यासारख्याला एकरकमी लाखाच्या घरात पैसे काढायचे म्हणजे शेळ्या विकाव्या लागतील, पण ज्याला नोकरी आहे, रोज बाहेर जायचंय, त्याने आधी हीच बघावी. खेड्यात पार्ट आणि सर्व्हिसचं कसं ते मात्र घ्यायच्या आधी विचारून घ्या.

तर कॅम्पवाली खुर्ची घ्यावी का? म्हातारं माणूस, मागे ढकलायला सून-नातू, घरात फरशी, दवाखान्यात ये-जा, तर डोळे झाकून घ्या, पाचपैकी चार. थोडं चालता येतं आणि लांब पल्ल्यापुरती पाहिजे, तरी ठीक. मणक्याचा मार असेल, दिवसभर बसायचं असेल, तर कुशनशिवाय एक दिवस पण बसू नका, अरुंद साइज मागा, नाही मिळाली तर दोन्ही बाजूला प्लायवूडच्या पट्ट्या फोम गुंडाळून बसवा, मी तेच केलंय, आता तिरका बसत नाही. लहान मुलाला तर अजिबात नको, कॅम्पवाल्यांना हात जोडून सांगा की ही दुसऱ्या कुणाला द्या आणि आमचं नाव मुलांच्या खुर्चीसाठी लिहा. फोटोवाला नाराज होईल, होऊ दे.

चाकाचं बरेच जण विचारतात म्हणून, रिम, स्पोक, टायर-ट्यूब मिळून दोन्ही चाकांचं दोन हजारांच्या आसपास झालं, मजुरी मामांनी घेतली नाही, बदल्यात त्यांच्या घरातले सगळे फॉर्म माझ्याकडे फुकट. राहिलं पुढचं चाक. आठ इंची, रुंद, मऊ रबराचं पाहिजे, पण माझ्या फोर्कमध्ये दीड इंचापेक्षा रुंद चाक बसत नाही म्हणून फोर्कसकटच लागेल. सोलापूर, लातूर, पुणे, कुठेही कुणाला माहिती असेल तर खाली लिहा, बेअरिंगचं माप पण द्या.